खांब निसरडा होता

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना खांब आहे. खो-खोच्या मैदानात दोन टोकांना दोन खांब असतात ना, त्यांतला एक. सध्या मी आखाडा बाळापुरात एका शाळेमागच्या मोकळ्या जागेत उभा आहे. उभं राहणं हेच माझं काम, आणि तेवढंच मला नीट येतं. पण मध्यंतरी माझ्यावर असा एक ठपका आला की उभं राहायचीही उमेद सरली. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. थकलो आहे, म्हणून हळूहळू सांगेन. मधेच कुरकुर ऐकू आली, तर म्हाताऱ्या लाकडाची सवय समजा.

माझा जन्म कयाधू नदीच्या काठचा. तिथलं एक बाभळीचं झाड वादळात आडवं झालं आणि बाळापूरच्या चाँद पाशा खरादींनी ते विकत घेतलं. खरादी म्हणजे लाकूड यंत्रावर गरगर फिरवून गोल करणारा कारागीर. पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी, भोवरे, असं सगळं त्यांच्या हातून होई. मीही बहुधा कुणाच्या तरी पलंगाचा पाय झालो असतो आणि जन्मभर घोरणं ऐकत बसलो असतो. पण त्याच सुमारास हिंगोलीजवळ विद्यापीठाचं एक छोटं उपकेंद्र निघालं आणि तिथले खेळाचे शिक्षक प्रेमानंद सर खरादींच्या दुकानी आले.

"पाशाभाई, दोन खांब पायजेत," सर म्हणाले. "पोरीनं पळत येऊन हात टाकला तर हातात कुसळ जाऊ नये, आन् हात सुटूबी नये."

चाँद पाशांनी लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. "मंग सर, पॉलिश नको. रंग तर बिलकुल नको. पोरींचे हातच त्याला बराबर करतील."

अशा रीतीनं एकाच खोडातून आम्ही दोघं निघालो, मी आणि माझा जोडीदार. मैदानाच्या दोन टोकांना आम्हाला पुरलं. आमच्यामध्ये मुली पाठमोऱ्या बसायच्या, 'खो' मिळाला की उठून पळायच्या. पाठलाग करणाऱ्या मुलीला मधूनच उलटं फिरता येत नाही. तिला खांबापर्यंत यावंच लागतं आणि खांबाला वळसा घालूनच परतावं लागतं. म्हणजे खेळ कितीही रंगला तरी सगळ्यांची वाट अखेर आमच्याशी येते. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आता तितकासा नाही.

प्रेमानंद सरांचा एक नियम होता. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक मुलीनं मैदानाला नमस्कार करायचा, मूठभर कोरडी माती उचलायची आणि ती खांबाला चोळायची. घामाचा ओलावा मातीत जिरतो, मग हात घट्ट बसतो. तेल नाही, पाणी नाही, कसला थाट नाही. हळद काढायच्या दिवसांत बऱ्याच मुली शेतातली कामं उरकून यायच्या. त्यांच्या हातांनी मी पिवळा व्हायचो, तो थेट होळीपर्यंत पिवळाच. शाबासकी खेळाडूंना मिळे, ते रास्तच होतं. पण जिंकलेली मुलगी जाता जाता माझ्या डोक्यावर एक थाप मारून जाई. खांबाला आणखी काय हवं असतं?

काही वर्षांनी चाँद पाशांची धाकटी मुलगी फरहीन बी.ए.ला तिथंच आली. पहिल्या दिवशी ती माझ्याजवळ आली, तिनं बोटाच्या पेरानं टकटक केलं, अगदी बापासारखं, आणि मैत्रिणींना म्हणाली, "हे माझ्या अब्बांचं काम हाय."

फरहीन पळायला लागली की बघत राहावं. बाकीच्या मुली खांबाजवळ आल्या की वेग कमी करत. ती करत नसे. डावा हात माझ्या कमरेत टाकायची, सगळं अंग झोकायची आणि वळून निघूनही जायची. पुढच्या मुलीला कळायचं तेव्हा पाठीवर थाप पडलेली असायची. माझी मुळं तोडली तेव्हापासून मला कुणी इतकं विश्वासानं धरलं नव्हतं.

तिला एकच गोष्ट हवी होती. विद्यापीठाच्या संघात जागा. तो संघ दुसऱ्या विद्यापीठांशी खेळायला बाहेरगावी जातो. तिथं खेळलेल्या मुलीला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवरून प्रयत्न करता येतो. घरी नातेवाईक लग्नाचं काढत, तेव्हा चाँद पाशा सांगत, "पोरगी विद्यापीठाच्या टीममदी जाऊ द्या, मंग बोलू." म्हणजे ती जागा मुलीची एकटीची नव्हती. बापानंही त्या जागेवर आपला शब्द पणाला लावला होता.

आता थोडं विद्यापीठाबद्दल. ते फार मोठं आहे म्हणतात. मी त्याचं एक टोक तेवढं पाहिलं. आमच्या टोकाला सगळे प्रभारी होते. संचालक प्रभारी, लेखापाल प्रभारी, क्रीडा विभागाचे प्रमुखही प्रभारी. कायम होता तो फक्त मी, कारण मला पुरलेलं होतं. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाकडून खेळासाठी पैसे घेतले जात. ते कुठे जात हे मला ठाऊक नाही, पण मैदानापर्यंत येत नसत हे मी शपथेवर सांगेन. मुलींचे ट्रॅकसूट स्पर्धा संपल्यावर आले, तेही सगळे एकाच मापाचे. वरातीमागून घोडे म्हणतात, इथे घोड्यांची खोगिरंही दुसऱ्याच घोड्यांची होती. संघ परगावी निघाला की व्यवस्थापक म्हणून इतकी मोठी माणसं गाडीत बसत की मुलींना जागेसाठी खो द्यावा लागे.

मग एकदा ट्रकमधून मॅटचं मैदान आलं. खो-खो आता मॅटवर होतो, मातीचे दिवस गेले, असं भाषण झालं. व्यवस्थापन परिषदेचे सदस्य संतरामदादा यांनी गुंडाळलेल्या मॅटला हार घातला आणि तिच्यासमोर नारळ फोडला. क्रीडा समितीचे अध्यक्ष तेच. त्यांना खो-खो आणि कबड्डी हे दोन वेगळे खेळ आहेत एवढं नक्की माहीत होतं. पण मॅट अंथरायला खाली सपाट फरशी लागते, वर छप्पर लागतं, ते बांधायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गुंडाळ्या सभागृहात पडून राहिल्या आणि उंदरांनी त्यांत संसार थाटला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. या मॅटनं पहिला दिवसही पाहिला नाही. मुली आपल्या मातीतच खेळत राहिल्या.

वर्तमानपत्रात ओरड झाली. 'क्रीडा निधी गेला कुठे?' असं छापून आलं. विद्यार्थ्यांनी फाटकापाशी घोषणा दिल्या. त्यातच बातमी आली की विद्यापीठाचं मूल्यमापन करायला बाहेरून समिती येणार. मग काय विचारता! इतकी वर्षं झोपलेलं उपकेंद्र खडबडून जागं झालं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. रस्त्याकडेचे दगड पांढरे झाले. पाण्याच्या टाकीवर सुविचार उमटले. प्रेमानंद सरांना नेमकं त्याच दिवशी ट्रॅकसूट बदलून आणायला मुख्यालयात धाडलेलं. ते नसताना रंगारी मैदानात आले आणि मला व माझ्या जोडीदाराला त्यांनी चकचकीत ऑइलपेंट फासला. निळा, वर पिवळा पट्टा.

खोटं कशाला बोलू, मित्रांनो, क्षणभर बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला नटवत होतं. पण रंग वाळायला लागला तसा माझा श्वास कोंडायला लागला. मुलींच्या हातांनी इतकी वर्षं जे घडवलं होतं, ते सगळं त्या चकाकीखाली गेलं.

सकाळी प्रेमानंद सर आले. त्यांनी माझ्यावर तळवा ठेवला. तो सर्रकन खाली घसरला. त्यांचा चेहरा उतरला.

"दादा, हे काहून केलं?" त्यांनी संतरामदादांना विचारलं.

"अहो सर, समिती येऊन राहिली. फोटोत खांब कसा उठून दिसंल, बघा की."

"फोटोत खांब उभा राहील, दादा. मैदानात पोरी पळतात. याला हात ठरत न्हाई. आज खेळ नको."

संतरामदादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दादा रागावत नसत, तेच वाईट होतं. "एकच डाव. समितीसमोरच संघ जाहीर करायचा हाय, पत्रकार बोलावलेत. तुमी तासिकेवर हाव ना सर? मंग कशाला तकलीफ वाढवता?"

तासिकेवर म्हणजे तासाच्या हिशेबानं, वर्षापुरते. पुढच्या वर्षी बोलावलं तर यायचं, नाही तर नाही. सरांच्या घरीही चूल पेटवावी लागते. ते मैदानाकडे वळले. मुलींना जवळ बोलावून म्हणाले, "आज खांबाला कुणी हात लावायचा न्हाई. बाहेरून मोठा वळसा घ्या."

तरी मुलींनी नेहमीसारखी माती उचलली आणि मला चोळली. ती ठरेना. काचेवरून राख घसरावी तशी खाली पडली.

समिती खुर्च्यांवर बसली. डाव सुरू झाला. फरहीननं पहिले काही वळसे जपून, दुरून घेतले. तिच्यापुढे आकांक्षा पळत होती, तिची मैत्रीण आणि मोठी चपळ पोरगी. आकांक्षा हुलकावणी देऊन माझ्या मागून निसटली, आणि फरहीन पूर्ण वेगात माझ्यावर आली. मित्रांनो, इतक्या वेगात डोकं विचार करत नाही, हात करतो. तिचा डावा हात सवयीनं माझ्या कमरेत आला. मी तो धरायला हवा होता. मला धरता आला नाही. हात घसरला, अंग पुढे गेलं आणि ती खांद्यावर आपटली. तिची किंकाळी मला अजून ऐकू येते.

आकांक्षानंच कडेला ठेवलेल्या आपल्या ओढणीची झोळी करून तिचा हात बांधला. खांदा निखळला होता. तो पुन्हा बसवला, पण आतून काहीतरी फाटलं होतं. संघ तिच्याशिवाय गेला.

पुन्हा वर्तमानपत्रात आलं. विद्यापीठानं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर संतरामदादा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण मी ऐकून होतो. इथे पिठाची चौकशी करायला कुत्र्यालाच बसवलं होतं. आम्हा दोघा खांबांना उपटून चौकशीच्या खोलीत नेलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

प्रेमानंद सरांनी रंगाचं सांगितलं. तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही, असं त्यांना उत्तर मिळालं. मग फरहीनला आत बोलावलं. हात गळ्यात बांधलेला होता. चाँद पाशांना दारातच थांबवलं, पण दार उघडंच होतं.

"ये लेकरा, बस," संतरामदादा मायेनं म्हणाले. "घाबरू नको. पुढच्या वर्षी तुझं नाव पक्कं, मी बसलोय ना. पण वाद वाढला तर विद्यापीठ हा खेळच बंद करंल, मंग कुण्याच पोरीचं भलं न्हाई. आमाला फकस्त एवढंच सांग. खांब निसरडा होता का?"

फरहीननं माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"व्हय. निसरडा होता. पण..."

"बास. पण-बिण काई नको. खांब निसरडा होता. घ्या लिहून."

ती उठली. तिला पुढच्या वर्षाची जागा हवी होती. बापाचा शब्द वाचवायचा होता. मी तिला दोष देत नाही, मित्रांनो. पण दारात उभ्या चाँद पाशांचा चेहरा मला दिसत होता. आपल्या हातचं काम निसरडं होतं, असं त्यांनी आपल्या मुलीच्या तोंडून ऐकलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या पाळण्याचा दांडा कधी तुटला नव्हता.

बाहेर आल्यावर ती रडायला लागली. "अब्बा, मैं पूरी बात नई बोल सकी."

"जान दे बेटा," ते म्हणाले. "घर चल." त्यांनी एकदाही मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही.

निकाल लागला. सदर खांब जुने, निसरडे व धोकादायक असल्याने ते निर्लेखित करण्यात येत आहेत. निर्लेखित म्हणजे नोंदीतून कायमचे काढलेले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. रंग लावणाऱ्याला काही झालं नाही, लावायला सांगणाऱ्याला तर नाहीच. प्रेमानंद सरांना पुढच्या जूनमध्ये तास दिले नाहीत. मूल्यमापन समितीनं मैदानाचं कौतुक केलं म्हणे. त्या आनंदात स्नेहभोजन झालं आणि भात शिजवायला जळण कमी पडलं, म्हणून माझ्या जोडीदाराला फोडून चुलीत घातलं. रंगामुळे धूर फार झाला, अशी आचाऱ्यानं तक्रार केली. मी भिंतीआड होतो, म्हणून उरलो.

पुढे मला एका फलकाच्या टेकूला लावलं. फलकावर हसरे चेहरे होते आणि मोठ्या अक्षरांत 'क्रीडा क्षेत्रात गरुडझेप' असं लिहिलं होतं. ऊन आलं, पाऊस आला, कुत्री आली. मी टेकू देत राहिलो. कसलंच वाईट वाटेनासं झालं होतं, मित्रांनो, आणि मला वाटतं सगळ्यांत वाईट तेच होतं.

एक दिवस मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला चाँद पाशांना उपकेंद्रात बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत ते फलकाच्या मागे सावलीला आले आणि मला पाहून थबकले. मग बोटाच्या पेरानं टकटक केलं. मीही आतून आवाज दिला, खणखणीत.

ते भांडारातल्या बाबूकडे गेले. "साहेब, तो खांब मला द्या. पाहिजे तर मजुरीतून कापा."

बाबू म्हणाला, "देता येत न्हाई. निर्लेखित माल लिलावातच जातो. लिलावाला समिती लागते आन् समिती नेमायला कायम माणूस लागतो. इथं सगळे प्रभारी."

"मंग त्याच्या जागी नवा बांबू लावून देऊ का?"

बाबूनं जरा विचार केला. "फलक पडला न्हाई पायजे. खाली काय हाय ते कोण बघतंय?"

असा मी सुटलो. माझ्या जागी एक हिरवा बांबू गरुडझेपेला टेकू देऊ लागला. त्याची मला अजून कीव येते.

चाँद पाशांनी मला पुन्हा खरादावर चढवलं नाही. यंत्रावर घेतलं असतं तर रंगाबरोबर मुलींचे हातही निघून गेले असते. त्यांनी काचेच्या तुकड्यानं माझा रंग हळूहळू खरवडला, रोज थोडा थोडा, नमाजाहून आल्यावर. एका चिरेत निळा रंग अजून आहे. तो निघाला नाही.

फरहीन दुकानात येई, पण माझ्याकडे बघत नसे. पुढच्या वर्षी तिचं नाव संघात होतं का, असं तुम्ही विचाराल. नव्हतं. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. शिवाय संतरामदादांची मुदत संपली होती, आणि त्यांनी कबूल केलेलं नव्या सदस्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग एका संध्याकाळी प्रेमानंद सर आले. बाळापूरच्या शाळेमागे ते लहान मुलींना खो-खो शिकवू लागले होते, बिनपगारी. "पाशाभाई, खांब पायजे," ते म्हणाले, पहिल्यासारखंच. चाँद पाशांनी कोपऱ्यातून मला उचललं आणि माझ्यासाठी कडुलिंबाचा नवा जोडीदार बनवला. तो अजून कोरा आहे, फार बडबडतो, पण होईल शहाणा. जाताना सर फरहीनला म्हणाले, "तूबी चल. पळता येत न्हाई, शिकवता तर येतं की."

ती आली. शिट्टी गळ्यात घालून मैदानाच्या मधोमध उभी राहू लागली. माझ्या टोकाला मात्र कधी आली नाही.

परवा महेजबीन नावाची एक चिमुरडी माझ्यापाशी वळताना पडली. कोरडी माती चोळायची विसरली होती, घामेजला हात घसरला. गुडघा खरचटला आणि तिनं भोकाड पसरलं.

"खांबच निसरडा हाय, ताई!"

फरहीन जागच्या जागी थांबली. शिट्टी तिच्या तोंडातून गळून पडली. मग ती सावकाश माझ्याकडे चालत आली. वाकून तिनं उजव्या हातानं माती उचलली, डाव्या हातात घेतली आणि त्या दुखऱ्या हातानं, जितका वर जाईल तितका वर नेऊन, माझ्या अंगाला चोळू लागली.

"खांब निसरडा न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्या मुलींना ऐकू जाईल इतका मोठा होता. "एकदाच निसरडा होता. पण त्याला रंग फासला होता. सरांनी नको म्हणलं, तरी संतरामदादांनी खेळायला लावलं. हा खांब माझ्या अब्बांनी बनवला, आन् तो चांगलाच बनवला. मला ते तवाच सांगायचं होतं. मी अर्धंच बोलले."

चाँद पाशा मुलीला न्यायला आले होते. कुंपणापाशी उभे होते. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि पुन्हा नीट बसवली.

"हौ बेटा," ते म्हणाले. "अब बात पूरी हुई."

तर मित्रांनो, एवढीच माझी कहाणी. मला हार नको, नारळ नको आणि रंग तर मुळीच नको. मूठभर कोरडी माती पुष्कळ झाली. तुमच्या शाळेत, गावात, उद्या तुम्ही मोठे होऊन जिथे खुर्चीवर बसाल तिथेही माझ्यासारखे खांब असतील. त्यांना जपा. आणि कुणी पडलंच, तर पडलेल्याला आधी उचला, मग विचारा की काल या खांबाला हात कुणी लावला होता. पडलेली मुलगी 'पण' म्हणाली, तर जरा थांबा. पुढचं ऐकून घ्या.

आता पुरे करतो. ती बघा, महेजबीन डोळे पुसून पुन्हा पळत येते आहे, हात पुढे करून. मला नीट उभं राहू द्या.